यीस्टचा काउंट जुळत नाही? आधी शीट बघा, मग काच. टाकी सगळ्यात शेवटी

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्याकडे घडत असेल तर पुढे वाचा.

- रजिस्टरात महिन्याचे नमुने मोजले तर एक आकडा, एक्सेलला विचारलं तर दुसरा. बहुतेक वेळा एक्सेलचा कमी.
- डिसेंबरचा गोषवारा काढला तर एकाच तारखेचे नमुने दिसतात, आणि कारखाना बंद असतो त्या जूनमध्येही नमुने उगवलेले असतात.
- भरलेल्या सेल आणि रिकाम्या सेल वेगवेगळ्या मोजल्या, की दोघांची बेरीज एकूण ओळींपेक्षा जास्त भरते.
- एकाच फर्मेंटरचा (आंबवण्याच्या टाकीचा) काउंट, म्हणजे मिलीमागे यीस्टच्या पेशी, पहिल्या पाळीत १६ कोटी, दुसऱ्या पाळीत ३.२ कोटी.
- एकाच काचेवर एका कोपऱ्यात ६० पेशी, समोरच्या कोपऱ्यात १८.
- जिवंत पेशींचा टक्का नेहमीसारखा, पण एकूण काउंट बरोबर निम्मा.

गाळप हंगाम लागला की या तक्रारी सुरू होतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलऱ्याही आल्याच. अशाच एका डिस्टिलरीची लॅब मी बघतो. दर पाळीला फर्मेंटरचा नमुना घ्यायचा, न्यूबॉअर चेंबरवर (पेशी मोजायची जाळी कोरलेल्या काचेवर) यीस्टच्या पेशी मोजायच्या, आकडा एक्सेलमध्ये टाकायचा आणि महिनाअखेरीला गोषवारा वर पाठवायचा, असं ते काम. बेळगावच्या कॉलेजांतली ओळखीची मुलंही प्रोजेक्टच्या शीट घेऊन येतात. त्यांच्या पेशी रक्तातल्या असतात, पण दुखणं तेच.

रात्रपाळीच्या पोराचा फोन ठरलेला: "अण्णा, चार नंबरचा काउंट पडलाय. यीस्ट मेलं काय हो?" माझा प्रश्नही ठरलेला: "टाकीला फेस आहे काय? ग्रॅव्हिटी उतरतेय काय?" दोन्हीला "होय" आलं (ग्रॅव्हिटी म्हणजे द्रवाची घनता, साखर आंबत गेली की ती उतरते) तर यीस्ट कामावर आहे आणि गडबड आकड्यात आहे. तेवढं न विचारता लोक यीस्टचं खत म्हणून युरिया-डीएपी वाढवतात, नवं कल्चर मारतात, बॅच उगाच हलवतात. शीट तपासायला पैसा लागत नाही, काच तपासायला दहा-पंधरा मिनिटं जातात, टाकीला हात लावला की खर्च सुरू होतो. म्हणून क्रम तोच ठेवायचा.

पहिलं काम: भागाकार

अपेक्षित आकड्याला आलेल्या आकड्याने भागा. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम, पण निम्मं निदान इथेच होतं. ते कसं, हे कळायला चेंबरची मापं डोक्यात पक्की हवीत.

न्यूबॉअर चेंबरच्या जाळीत १ मिमी बाय १ मिमीचे ९ मोठे चौकोन असतात. जाळी आणि कव्हरस्लिप यांच्यात ०.१ मिमी अंतर. म्हणजे एका मोठ्या चौकोनावर ०.१ मायक्रोलिटर, मिलिलिटरचा दहा हजारावा भाग. म्हणून सूत्रात ते १०,००० येतात. मधला मोठा चौकोन २५ गटांत विभागलेला, प्रत्येक गटात १६ बारीक घरं, सगळी मिळून ४००. यीस्टसाठी या मधल्या चौकोनाचे ५ गट मोजायची पद्धत आहे: कोपऱ्यांचे चार आणि मधला एक.

समजा ५ गटांत १६० पेशी मिळाल्या आणि वॉश (टाकीतला आंबणारा मळीचा द्रव) २० पट पातळ केला होता. गटामागे सरासरी ३२. असे २५ गट म्हणजे ८००. गुणिले १०,००० म्हणजे ८० लाख. गुणिले २० म्हणजे मिलीमागे १६ कोटी. हे झालं बरोबर उत्तर. आता चुकीची उत्तरं बघा.

३.२ कोटी आले असतील तर कुणीतरी ५ गटांची बेरीज सरळ १०,००० आणि २० ने गुणली आहे. भागाकार ५. आकडा ६४ लाख असेल तर सरासरी काढली पण २५ ने गुणायचं राहिलं. भागाकार २५. ८० लाखांवर थांबला असेल तर दोन शक्यता: पातळ केल्याचे २० राहिले, किंवा चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांसाठी असलेलं सूत्र (भागिले ४, गुणिले १०,०००) मधल्या ५ गटांना लावलं. दोन्हीत भागाकार २० येतो, त्यामुळे इथे सेलवर क्लिक करून सूत्र उघडून बघण्याला पर्याय नाही. आणि बरोबर २ आला तर मेलेल्या पेशी ओळखायला रंग समान भाग मिसळल्याची दुप्पट विसरली आहे. जिवंत पेशींचा टक्का बदलत नाही, कारण ती दुप्पट भागाकारात वर-खाली दोन्हीकडे विसरलेली असते. म्हणून हे लवकर लक्षात येत नाही.

भागाकार असा सरळ ५, २०, २५, २ आला की सूक्ष्मदर्शकाकडे बघूही नका, दोष सूत्रात आहे. १.४, १.७ असा वेडावाकडा आला तर काच किंवा नमुना. आणि १.१ च्या आसपास असेल तर चहा प्या. मोजलेल्या पेशींच्या संख्येचं वर्गमूळ काढा, एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. १६० चं वर्गमूळ साडेबाराच्या आसपास, म्हणजे ८ टक्के. एकाला १५० आणि दुसऱ्याला १७० मिळाले म्हणून कुणाला ओरडायचं कारण नाही. नुसत्या १६ पेशी मोजल्या असतील तर मात्र वर्गमूळ ४, म्हणजे २५ टक्के फरक गृहीतच धरा. ४०० मोजल्या तर ५ टक्के. काउंट कमी वाटतोय म्हणून कमी घरं मोजणं हा त्यामुळे उफराटा न्याय आहे. पेशी विरळ असतील तेव्हाच जास्त घरं मोजावी लागतात.

कॉलेजच्या मुलांसाठी एवढंच: पांढऱ्या पेशींना रक्त २० पट पातळ आणि चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन, म्हणून बेरीज गुणिले ५०. तांबड्यांना २०० पट पातळ आणि मधले ५ गट, म्हणून बेरीज गुणिले १०,०००. दोन्ही उत्तरं मायक्रोलिटरमागे. एका कॉलममधलं सूत्र दुसऱ्यात ओढलं की काय होतं हे तुम्हीच गुणून बघा.

शीटची तपासणी

कॉलम निवडा आणि एक्सेलच्या तळाच्या पट्टीकडे बघा. तिथे काउंट दिसतो. पट्टीवर राइट क्लिक करून न्यूमेरिकल काउंटही चालू करा. पहिला आकडा म्हणजे काहीतरी लिहिलेल्या सेल, दुसरा म्हणजे खरोखर संख्या असलेल्या सेल. ४६ आणि ४१ दिसले तर पाच सेलमध्ये संख्येसारखं दिसणारं पण अक्षरांत बसलेलं काहीतरी आहे. एकही सूत्र न लिहिता कळलं.

पुढचं म्हणजे एफ-९ दाबा. आकडे टाकूनही उत्तर हलत नसेल तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलेलं असतं. दिवसातली पहिली फाइल मॅन्युअलवर सेव्ह केलेली असेल तर तिच्यामागून उघडलेल्या फाइलींनाही एक्सेल तेच लावतं, त्यामुळे दोष तुमच्या फाइलीत सापडतच नाही. फॉर्म्युला टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स, तिथे ऑटोमॅटिक.

आता त्या पाच सेल शोधा. कॉलमची रुंदी वाढवा आणि अलाइनमेंट काढून टाका: संख्या उजवीकडे सरकतात, अक्षरं डावीकडे चिकटून राहतात. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल तर तोही हेच सांगतो. बघितल्यावर कारणं साधी निघतात. कुणी "१६ कोटी" असं एककासकट लिहिलेलं असतं, कुणी फोनवर कन्नड किंवा मराठी कीबोर्ड चालू असताना अंक टाकलेले. आमच्या लॅबच्या संगणकांवर असे अंक अक्षरं म्हणूनच बसतात. तुमच्याकडे शंका असेल तर शेजारच्या सेलमध्ये इझनंबर (सेलमध्ये संख्या आहे का ते सांगणारं फंक्शन) लावा, खरं-खोटं लगेच कळेल. पोर्टलवरून किंवा वेबपानावरून कॉपी केलेल्या आकड्याला न दिसणारी, न तुटणारी स्पेस चिकटून येते. ती ट्रिमने (जादा स्पेस काढणाऱ्या फंक्शनने) जात नाही. सब्स्टिट्यूटमध्ये कॅर १६० देऊन काढावी लागते.

यात एक गोम आहे, आणि ती माहीत नसली तर माणूस चक्रावतो. काउंट हे फंक्शन नुसत्या संख्या मोजतं, अक्षरांत बसलेला १६० मोजत नाही, पण काउंटइफला "१६० असलेल्या सेल किती" विचारलं तर तो अक्षरांतलाही धरतो. आणि "१०० पेक्षा मोठ्या किती" विचारलं तर पुन्हा सोडतो. एकाच कॉलमवर तीन सूत्रं तीन गोष्टी सांगतात आणि तिन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. सरासरी काढणारं फंक्शनही अक्षरांतले आकडे न बोलता गाळतं. म्हणजे नुसती नमुन्यांची संख्या चुकत नाही, महिन्याचा सरासरी काउंटही चुकलेलाच वर जातो.

न घेतलेल्या नमुन्याच्या जागी शून्य टाकायची सवय आधी मोडा. शून्य ही संख्या आहे, ती मोजली जाते आणि सरासरीला खाली ओढते. नमुना घेतला नाही तर सेल रिकामी ठेवा आणि न घेण्याचं कारण शेजारच्या शेऱ्यात लिहा. शून्य फक्त मोजून शून्य आलं तेव्हाच. "निरंक" लिहिलंत तर सरासरीला धोका नाही, पण काउंटए (काहीही लिहिलेल्या सेल मोजणारं फंक्शन) त्याला नमुना समजून मोजेल.

भरलेल्या आणि रिकाम्यांची बेरीज जास्त येते त्याचं कारण वेगळं. "शेजारी काही नसेल तर काही दाखवू नको" असं सूत्र ज्या सेलमध्ये आहे, ती दिसायला कोरी असते. काउंटएच्या हिशेबी तिच्यात सूत्र आहे, म्हणजे ती भरलेली. रिकाम्या सेल मोजणाऱ्या काउंटब्लँकच्या हिशेबी उत्तर कोरं आहे, म्हणजे ती रिकामी. एकच सेल दोन्हीकडे हजेरी लावते. उपाय म्हणजे या कामाला काउंटए वापरूच नका. संख्या असलेला कॉलम घ्या आणि काउंट लावा.

तारखा. यावर जरा थांबतो, कारण हंगामातला सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. नवा संगणक आला की त्याचं रीजन बहुतेकदा अमेरिकेचं असतं. त्यात आधी महिना, मग दिवस. आपण ६/१२ लिहितो ते ६ डिसेंबर म्हणून, संगणक घेतो १२ जून. १३/१२ लिहिलं तर तेरावा महिना नसतो, म्हणून तो ती तारीखच मानत नाही, अक्षरं म्हणून ठेवतो. आता डिसेंबरचे नमुने मोजा: १ ते ११ तारखा जानेवारी ते नोव्हेंबरमध्ये विखुरलेल्या, १३ च्या पुढच्या सगळ्या अक्षरांत, आणि डिसेंबरमध्ये उरली फक्त १२/१२. बंद कारखान्याच्या जूनमध्ये नमुने दिसतात ते यामुळे. असं दिसलं तर आधी विंडोजमध्ये रीजन इंग्लिश इंडिया करा. अक्षरांत बसलेल्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्समध्ये दिवस-महिना-वर्ष असा क्रम देऊन सुधारतात. पण ज्या तारखा आधीच उलटून खऱ्या तारखा बनल्यात त्या नुसतं रीजन बदलून परत येत नाहीत. त्यांच्यासाठी रजिस्टर समोर घेऊन बसा. दहा-अकरा तारखांचं काम असतं, त्यात सूत्रांची हुशारी नको.

गावांच्या नावांचा घोळ खास आपल्याकडचा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं, तोंडात बेळगाव राहिलं, जुन्या छापील फॉर्मवर अनुस्वारवालं बेळगांव आहे, आणि एकाच कॉलममध्ये हे तिन्ही शिवाय इंग्रजी दोन स्पेलिंगं सापडतात. काउंटइफ "बेळगाव" म्हटलं की ते नेमकं तेवढंच मोजतं. तारका लावून "बेळगा*" दिलं तर देवनागरीतली तिन्ही रूपं येतात. मात्र आळस करून "बेळग*" देऊ नका, त्यात बेळगुंदीही येते. एका मुलीच्या रक्तगटाच्या प्रोजेक्टमध्ये बेळगुंदीचे लोक असेच शहरात येऊन बसले होते. कऱ्हाडहून मळी येते त्या नावाचं आणखी निराळं: त्यातला ऱ्ह दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो आणि दिसतो सारखाच. लेन (अक्षरांची संख्या सांगणारं फंक्शन) लावून बघा, एका सेलला ६ येतील, दुसरीला ७. डोळ्याला एकच असलेला शब्द संगणकाला वेगळा वाटू शकतो. जुन्या नुडी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर विचारायलाच नको. वर दिसतात मराठी-कन्नड अक्षरं, आत भलतेच कोड. कायमचा इलाज एकच. नावं टाइप करू देऊ नका, डेटा व्हॅलिडेशनने यादी द्या आणि त्यातून निवडायला लावा.

उरलेलं पटकन. सूत्र खाली ओढल्यावर रेंज घसरली का बघा. वरच्या ओळी एकेक करून गळतात. डॉलरची चिन्हं लावा, किंवा कंट्रोल-टी दाबून टेबलच करा, म्हणजे शेवटी टाकलेली नोंदही आपोआप धरली जाईल. फिल्टर लावलेलं असताना काउंट लपलेल्या ओळीही मोजतो. दिसतंय तेवढंच हवं तर सबटोटल. मर्ज केलेल्या सेलमध्ये मजकूर फक्त पहिल्या सेलचा असतो, बाकीच्या कोऱ्या. नमुन्याचे बारकोड १५ अंकांपेक्षा लांब असतील तर काउंटइफ पुढचे अंक बघत नाही आणि वेगवेगळे नमुने एकच समजतं. पुढे एखादं अक्षर जोडून घ्या.

काच

शीट निर्दोष निघाली तरच इथे या.

कव्हरस्लिप आधी. चेंबरसोबत येणारी जाड आणि सपाट असते. ती फुटली की ड्रॉवरमधली साधी पातळ कव्हरस्लिप ठेवून काम भागवतात. ती द्रवाच्या ओढीने वाकते, ०.१ मिमी अंतर ०.१ राहत नाही, आणि मग तुमचे १०,००० कितीही बरोबर असले तरी उपयोग नाही. जाड कव्हरस्लिप दोन्ही कडांवर हलकी दाबून बसवली की तिरक्या उजेडात कडेला इंद्रधनुषी वलयं दिसतात. ती दिसली म्हणजे बसली. नाही दिसली तर खाली धूळ आहे किंवा वाळलेली मळी. पुसा आणि पुन्हा बसवा.

चेंबर भरताना पिपेटचं टोक कडेला टेकवा, द्रव आपोआप आत शिरू द्या. बाजूच्या खाचेत सांडला तर पुसून पुन्हा भरा. टिपकागदाने जास्तीचा शोषून घेऊ नका. द्रवाबरोबर पेशीही ओढल्या जातात आणि एका कोपऱ्यात ६०, दुसऱ्यात १८ हे तिथूनच येतं. बुडबुडा असला तरी पुन्हा भरा. भरण्याआधी पातळ केलेला नमुना पुन्हा हलवा. यीस्ट जड, ते फार झटकन तळाशी बसतं, आणि बाटली टेबलावर ठेवून तुम्ही फोन घेतला तेवढ्यात वरचा थर विरळ झालेला असतो. भरल्यावर दोन मिनिटं थांबा, पेशी एका पातळीवर बसू द्या. फार थांबलात तर कडेने सुकायला लागतं आणि पेशी वाहतात.

दोघांचे आकडे वेगळे येतात त्यामागे जवळपास नेहमी दोन नियम ठरलेले नसतात. पहिला रेषेवरच्या पेशींचा: वरच्या आणि डाव्या रेषेला शिवणाऱ्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. कुठल्या दोन बाजू घ्यायच्या याला महत्त्व नाही, सगळ्या पाळ्यांनी त्याच घ्याव्यात याला आहे. दुसरा कळीचा. यीस्टला कळी फुटते. कळी मूळ पेशीच्या निम्म्यापेक्षा लहान असेल तर दोन्ही मिळून एक, निम्मी किंवा मोठी झाली तर दोन. जोमात वाढणाऱ्या टाकीत कळ्या इतक्या असतात की या एका नियमावरून काउंट बराच हलतो. हे दोन नियम कागदावर लिहून सूक्ष्मदर्शकाशेजारी भिंतीला चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्ये.

नवख्याला आणखी एक दाखवावं लागतं: काय मोजायचं नाही. गडद कडेचा, आतून चकाकणारा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. कडा ओबडधोबड, आत काहीच रचना नाही, तो मळीतला गाळ. यीस्टपेक्षा कितीतरी बारीक काड्या वळवळताना दिसल्या तर ते जिवाणू. त्या मोजायच्या नाहीत, पण शेऱ्यात लिहायच्याच.

पेशींचे घोस दिसत असतील तर मोजणी थांबवा. घोसातल्या पेशी मोजता येत नाहीत आणि अंदाज धरणं म्हणजे आकडा बनवणं. उसाच्या रसाला चुना लावलेला असतो, त्यामुळे मळीत कॅल्शियम भरपूर, आणि कॅल्शियममुळे यीस्ट एकमेकांना चिकटतं. पातळ करायच्या पाण्यात ईडीटीए घातलं की ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि घोस सुटतात. तेही करून सुटले नाहीत तर ते नोंदवा; तो मोजणीचा दोष नसून यीस्टचा स्वभाव बदलल्याचं लक्षण असू शकतं.

पातळ करणं आणि रंग

१ मिली वॉश आणि १९ मिली पाणी म्हणजे २० पट. १ आणि २० घातलं तर २१ पट. फरक ५ टक्क्यांचा, पण एक पाळी असं आणि दुसरी तसं करत असेल तर तो कायमचा राहतो. वॉश घट्ट असतो, पिपेटच्या बाहेरून लागलेला थेंब पुसून मगच पाण्यात सोडा. तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. वॉशलाही नको आणि रक्ताला तर अजिबात नको. रबरी बल्ब फार महाग नसतो.

मेलेल्या पेशी ओळखायला मेथिलिन ब्लू. जिवंत पेशी तो रंग आत शिरला तरी बेरंग करून टाकते, मेलेली निळी राहते. रंग घातल्यावर लगेच मोजा. फार वेळ ठेवलं तर जिवंतही निळ्या पडायला लागतात आणि मग उगाच पळापळ होते. समान भाग रंग घातला असेल तर त्याची दुप्पट सूत्रात आहे ना, हे पुन्हा बघा.

नमुना

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर काउंट खरोखर बदललाय किंवा नमुना टाकीचा प्रतिनिधी नाही. खालच्या व्हॉल्व्हमधून घेता का? सुरुवातीचा वॉश नळीत अडकलेला, तळाचा गाळ आणि बसलेलं यीस्ट घेऊन येतो. तो थोडा सोडून द्या, मग बाटली लावा. रोज त्याच जागेवरून, भरल्यापासून तेवढ्याच तासांनी घ्या. सहाव्या तासाचा काउंट आणि चौदाव्या तासाचा काउंट यांची तुलना करून काही निष्पन्न होत नाही. घेतलेला नमुना मोजायला उशीर होणार असेल तर थंड ठेवा. बाटलीतही आंबणं चालूच असतं.

इथे थांबा

नमुन्यासाठी टाकीच्या मॅनहोलमधून आत वाकायचं नाही, उतरायचं तर नाहीच. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकीत साचून राहतो, आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. त्याला काढायला गेलेलाही त्यातच पडतो. व्हॉल्व्ह तुंबला असेल तर सेफ्टीवाल्यांना बोलवा आणि त्या पाळीचा नमुना सोडून द्या.

सूक्ष्मदर्शक धूसर दिसत असेल तर बाहेरून लेन्सपेपरने पुसण्यापलीकडे जाऊ नका. खानापूर बाजूच्या पावसात लेन्सवर बुरशी धरणं नवीन नाही, पण ऑब्जेक्टिव्ह उघडलं की ते परत सरळ बसत नाही. सर्व्हिसवाल्याला द्या. चेंबरच्या जाळीवर ओरखडे असतील तर दुरुस्ती नसते, नवा घ्या.

अबकारी खात्याला गेलेल्या महिन्याच्या आकड्यात चूक सापडली तर फाइल स्वतः दुरुस्त करू नका. मूळ तशीच ठेवा, प्रत काढून चूक दाखवा आणि इन्चार्ज साहेबांकडे लेखी द्या. शीटमध्ये मॅक्रो असतील किंवा ती दुसऱ्या फाइलींना जोडलेली असेल तर ज्याने बनवली त्यालाच बोलवा.

मुलांनो, रक्ताच्या काउंटवरून स्वतःचं किंवा शेजाऱ्याचं निदान करायचं नाही. पांढऱ्या पेशींची नेहमीची मर्यादा ४,००० ते ११,००० अशी पुस्तकात असते, पण प्रॅक्टिकलच्या काचेवर त्याबाहेरचा आकडा आला तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासा आणि कागद डॉक्टरांना दाखवा. मशीनवर प्लेटलेट अचानक फार कमी आल्या तर पॅथॉलॉजिस्टला काच बघायला सांगा. नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्या घोसाला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. मात्र ते ठरवायचं काम त्यांचं. ताप असेल तर वाट बघत बसू नका.

आणि शीट, काच, नमुना सगळं तपासूनही काउंट पडलेला, निळ्या पेशी वाढलेल्या, ग्रॅव्हिटी अडकलेली, काड्या दिसत असतील, तर मायक्रोबायोलॉजिस्टला फोन करायची वेळ झाली. फोन लावण्याआधी मागच्या काही बॅचचे काउंट, पीएच, टाकीचं तापमान, उरलेली साखर आणि मळी कुठून आली ते एका कागदावर काढा. रंग न घातलेला, पातळ न केलेला ताजा नमुना बर्फात ठेवा आणि बाटलीवर टाकी नंबर, तारीख, वेळ लिहा. तारखेत महिना अक्षरांत.